साने गुरुजींचे बालपण आणि ताणाचे शरीरशास्त्र

डिसेंबर १९३६ मध्ये सावद्याशेजारच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्यासाठी खानदेशात गावोगाव फिरणाऱ्यांत पांडुरंग सदाशिव साने हे एक होते; अंमळनेरच्या शाळेतले माजी शिक्षक, सगळ्यांचे साने गुरुजी. कष्टाला हा माणूस कधी मागे हटला नाही. पण दुसऱ्याचे दुःख पाहिले की त्यांचे डोळे भरून येत आणि मनाला लागलेली गोष्ट दीर्घकाळ सलत राही. लोक त्याला हळवा स्वभाव म्हणत. त्या हळवेपणाच्या मुळाशी बालपणही असावे.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणे खोतांचे, पण पांडुरंग कळता होईपर्यंत वैभव ओसरले होते. दापोलीला काही वर्षे शिक्षण झाल्यावर घरची ओढाताण पाहून तो दूर औंधला गेला. तिथे हाल सोसले, त्यात प्लेगची साथ आली आणि घरी परतावे लागले. मग पुण्याचे नूतन मराठी विद्यालय. तिथेही दोन वेळचे पोटभर जेवण मिळेलच याची शाश्वती नव्हती. १९१७ मध्ये आई यशोदाबाई गेल्या, तेव्हा पांडुरंग जवळ नव्हता. ती रुखरुख त्यांना जन्मभर पुरली.

संकट आले की मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथींना निरोप पाठवते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, रक्तातली साखर वाढते, शरीर सज्ज होते. धोका टळल्यावर हेच कॉर्टिसॉल मेंदूला थांबण्याची सूचना देते. वाढत्या वयात भीती आणि असुरक्षितता सतत वाट्याला आली, तर हा लगाम नीट बसत नाही. काहींचे शरीर पुढे लहानशा गोष्टीलाही मोठा प्रतिसाद देते, तर काहींचा प्रतिसाद उलट बोथट होतो.

१९९८ मध्ये अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या बालपणाची आणि प्रकृतीची सांगड घातली. बालपणातले आघात जितके अधिक, तितके हृदयविकार, व्यसने आणि नैराश्य यांचे प्रमाण अधिक दिसले. त्यांच्या प्रश्नावलीत मारहाण, छळ, घरातली व्यसने होती. प्लेग किंवा बुडालेली खोती नव्हती. आपल्याकडच्या बालपणांना ते माप जसेच्या तसे लावता येत नाही.

शिवाय पांडुरंगच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती, ती म्हणजे आई. कॅनडात मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले, की ज्या उंदरीण-आया पिल्लांना भरपूर चाटतात, त्यांची पिल्ले मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. कॉर्टिसॉलचा लगाम सांभाळणाऱ्या जनुकावर त्या मायेची रासायनिक खूणसुद्धा उमटते. उंदरांवरून माणसाबद्दल किती बोलावे याला मर्यादा आहेच. पण हवाईतील काउआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतल्या अत्यंत प्रतिकूल घरांतली सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, सक्षम माणसे झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांना निदान एक तरी भरवशाचे मायेचे माणूस लाभले होते. आई नसेल तर आजी, शेजारी किंवा शिक्षक.

साने गुरुजी पुढे स्वतःच असे माणूस झाले. १९२४ पासून सहा वर्षे ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर ते मुलांचे कपडे धूत, खोल्या झाडत, आजाऱ्यांपाशी बसत. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. घरापासून दूर उपाशी राहिलेल्या मुलाने पुढे दुसऱ्यांची घरापासून दूर आलेली मुले अशी सांभाळावी, याचे मोल परीक्षेच्या निकालात मोजता येणार नाही. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. जिव्हारी लागलेले लिहून काढल्याने प्रकृतीला थोडा आराम पडतो, असे पुढे मानसशास्त्रज्ञांना आढळले; मात्र हा परिणाम माफकच असतो.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांसाठी खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. गांधीजींच्या हत्येनंतर पुन्हा एकवीस दिवसांचे. ऑगस्ट १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. बाहेर काम वाढत होते, आत खिन्नता दाटत होती. ११ जून १९५० रोजी मुंबईत, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आपले आयुष्य संपवले. त्याचे एकच कारण शोधणे, किंवा सगळा दोष पालगडच्या गरिबीवर टाकणे, शास्त्राला धरून नाही. नैराश्य हा आजार आहे, हे तेव्हा फारसे कोणी जाणत नव्हते आणि आजच्यासारखी औषधेही हाती नव्हती.

आज ती आहेत. मन असह्य जड झाले असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतूनही, दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते.