डासांची पोटं चिरत बसला आणि मलेरियाचं कोडं सोडवून गेला

मलेरिया हा मूळचा इटालियन शब्द. त्याचा अर्थ खराब हवा. शेकडो वर्षं लोकांना वाटायचं की दलदलीची कुबट हवा नाकात गेली की थंडीताप भरतो. हा समज मोडणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे रोनाल्ड रॉस.

त्याचा जन्म १३ मे १८५७ चा, अल्मोड्याचा. मेरठमध्ये उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील ब्रिटिश फौजेत अधिकारी. पोराला लेखक व्हायचं होतं, पण वडिलांनी त्याला डॉक्टरकीला घातलं. १८८१ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागला.

१८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्याला रक्तातले मलेरियाचे परजीवी दाखवले आणि आपला संशय डासांवर असल्याचं सांगितलं. रॉसच्या डोक्यात तेच बसलं.

सिकंदराबादला येऊन तो डास चिरायला लागला. दोन वर्षं हाती काहीच लागेना, कारण तो भलत्याच जातीचे डास तपासत होता. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्याला ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला ते चावू दिले, दर डासामागे एक आणा देऊन. उकाडा प्रचंड होता, पण डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते.

अखेर २० ऑगस्टला डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. तेच मलेरियाचे परजीवी होते.

पण लगेच बदली झाली, तीही मलेरिया फारसा नसलेल्या खेरवाड्याला. पुढे १८९८ मध्ये कलकत्त्याला मोहम्मद बक्ष या सहाय्यकाला सोबत घेऊन त्याने पक्ष्यांवर प्रयोग केले. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतात आणि चाव्यातून पुढे जातात, हे तिथं सिद्ध झालं. माणसाच्या मलेरियाबाबत हेच इटलीच्या ग्रासी यांनी त्याच वर्षी दाखवलं. श्रेयावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. १९०२ चं नोबेल मात्र एकट्या रॉसला मिळालं. हुसेन खान आणि मोहम्मद बक्ष यांची नावं फारशी कुणाला आठवत नाहीत.

यात गंमत अशी की वासाचा संबंध खरंच होता, फक्त उलटा. वास माणसाला नाही, डासाला येतो. रक्त पिते ती फक्त मादी. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला लांबूनच कळतो, जवळ आल्यावर घामातलं लॅक्टिक अॅसिड आणि त्वचेचा वास वाट दाखवतो, मग अंगाची ऊब. हे वास टिपण्याचं काम प्रामुख्याने तिच्या मिशा, म्हणजे शृंगिका करतात.

१६ सप्टेंबर १९३२ ला रॉस लंडनमध्ये वारला. २० ऑगस्ट हा दिवस मात्र आजही जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.