रेल्वेचा ठेकेदार, पण देशाला जहाज, विमान आणि मोटार देऊन गेला

भिवंडी तालुक्यातून प्रवास करताना मुंबईला पाणी नेणारे ते भलेमोठे लोखंडी पाइप तुम्ही पाहिले असतीलच. शहापूरच्या तानसा तलावातून निघालेली ही पाइपलाइन टाकण्याच्या कामात सोलापूरच्या एका गड्याची कंपनी होती. त्याचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. गादीवर बसून आयुष्य आरामात गेलं असतं, पण पोराचं मन तिथे रमेना.

त्यांनी हात मिळवला लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल आणि धाडस होतं. बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या ठेक्यापासून सुरुवात झाली. पुढे 1920 साली टाटांसोबत बांधकाम कंपनी उभी राहिली. बोरघाटातले बोगदे आणि तानसाची पाइपलाइन ही कामं याच काळातली.

ठेकेदारीत पैसा मिळत होता. मग हा माणूस समुद्रात का उतरला?

कारण भारताचा माल परदेशी जायचा तो इंग्रजांच्या बोटींतून. भाडंही तेच ठरवायचे. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी ही बोट विक्रीला निघाली. युद्धात तिचा वापर इस्पितळ म्हणून झाला होता. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना सोबत घेऊन ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पण इंग्रज कंपन्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी भाडी पाडली. अखेर 1923 साली सिंदियाला तडजोड करावी लागली आणि परदेशी मार्ग सोडून किनारी मालवाहतुकीवर समाधान मानावं लागलं. वालचंद यांना ही अट टोचत होती, तरी त्यांनी कंपनी मोडू दिली नाही. आधी टिकायचं, मग वाढायचं, हा हिशोब होता.

त्यांच्या कुतूहलाचा खरा नमुना 1939 चा. मोटार कारखान्याच्या बोलणीसाठी ते अमेरिकेला गेले होते. परतीच्या प्रवासात विल्यम पॉली या विमान उद्योगातल्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. दुसरा कुणी गप्पा मारून झोपी गेला असता. वालचंद यांनी त्यातून विमानाच्या कारखान्याची योजनाच आखली! म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. ऑगस्ट 1941 मध्ये तिथे जुळवलेलं पहिलं विमान उडालंसुद्धा.

त्याच वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आली. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसलं, तर मालेगावजवळ रावळगाव. तिथली चॉकलेटं तुम्हीही लहानपणी खाल्ली असतील.

सगळंच त्यांच्या हातात राहिलं असं नाही. युद्धाच्या धामधुमीत, 1942 साली सरकारने विमान कंपनीतला त्यांचा हिस्सा विकत घेतला. ज्याने रोप लावलं त्याचाच मालकीहक्क गेला. पण कारखाना चालू राहिला आणि तोच पुढे एचएएल झाला. विशाखापट्टणमला बांधलेलं जलउषा हे जहाज मात्र त्यांच्या हयातीत, 1948 साली पाण्यात उतरलं.

1949 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि 8 एप्रिल 1953 ला त्यांचं निधन झालं. वालचंद जहाजाचे इंजिनिअर नव्हते की विमानाचे तंत्रज्ञ नव्हते. ज्याला काम येतं तो माणूस शोधायचा, त्याच्यावर विश्वास टाकायचा आणि परवानगीसाठी सरकारचे उंबरठे स्वतः झिजवायचे, ही त्यांची रीत होती. मॅनेजमेंटचं शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी त्यांनी हे करून दाखवलं होतं.