तुकोबांच्या वाटेने नाताळच्या गाण्यापर्यंत : रेव्हरंड ना. वा. टिळक

नेरूळ : डिसेंबर लागला की चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू होते. नेरूळ, वाशी, ऐरोली भागात नगर, जालना, सातारा, सोलापूरकडून पोटापाण्यासाठी आलेली मराठी ख्रिस्ती घरं आहेत. गावाकडून येताना त्यांनी सोबत आपली गाणीही आणली. पेटी, तबला, टाळ आणि अभंगाची चाल. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे हरिपाठच चाललाय. पण शब्द असतात बेथलेहेमच्या बाळाचे. हे गाणं असं मराठमोळं होण्यामागे ज्यांचा मोठा वाटा आहे ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. हे लोकमान्य टिळक नव्हेत, कवी टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी शाळांनी त्यांना ओळखलं. चर्चमध्ये मात्र त्यांची ओळख वेगळी आहे.

कोकणात जन्म, कल्याणात बालपण

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाईंना मात्र कवितेची आणि देवाधर्माची आवड. बालपणातली काही वर्षं आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणात गेली. आई लवकर गेली आणि त्यानंतर पोराचं मन घरात रमलं नाही. तो घराबाहेर पडला आणि नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. शिक्षण सलग झालं नाही, पण भाषेवरची हुकमत तिथेच तयार झाली.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. मुलगी तेव्हा बारा वर्षांचीही नसेल. पुढे याच लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र तयार झालं.

संसार मात्र धड नव्हता. टिळक कुठे मास्तर, कुठे कीर्तनकार, कुठे पुराण सांगणारे. एका गावी नोकरी टिकत नसे. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. शेवटी नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहून ते ग्रंथांचं काम करू लागले.

रेल्वेच्या डब्यात मिळालेलं पुस्तक

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराचं पुस्तक हातात ठेवलं. टिळकांनी ते आधी शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं. पण येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि ते तिथेच थांबले. जातीभेदाबद्दल मनात जे प्रश्न होते, त्यांची उत्तरं त्यांना त्या पानांत दिसली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ब्राह्मणाने धर्म बदलायचा म्हणजे घरच्यांसाठी तो मेल्यासारखाच. नातेवाईक तुटले. सगळ्यात मोठा घाव बसला तो लक्ष्मीबाईंवर. पदरात लहान मुलगा, आणि नवरा जिवंत असून घरात नाही. चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. त्यातला काही काळ लक्ष्मीबाईंचा पंढरपुरात गेला. अक्षरओळखीपुरतं शिकलेल्या या बाईला याच दुःखात कविता सुचू लागली. टिळकांनी पत्रं लिहिणं सोडलं नाही.

अखेर त्या मुलाला घेऊन नगर जिल्ह्यात आल्या, पण सोवळं सोडलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंनाच वाटू लागलं, की ही शिवाशिव माणसांनी केलेली, देवाने नव्हे. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे या घरात कितीतरी अनाथ, गरजू पोरं वाढली.

परकी चाल, मराठी जीभ

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून होतं. खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यात बहुतेक गोरगरीब, गावकुसाबाहेरचे लोक. उपासनेत अनेक गाणी इंग्रजीवरून उतरवलेली असत आणि चालही तिकडचीच.

अडचण साधी होती. इंग्रजी चाल मराठी शब्दाला मानवत नाही. जिथे अक्षर ऱ्हस्व आहे तिथे सूर ओढावा लागतो, जिथे दीर्घ आहे तिथे तोडावा लागतो. अर्थ हरवतो आणि गाणारा अडखळतो. ज्याला वाचता येत नाही त्याला तर ते पाठही होत नाही.

अभंगाचं तसं नाही. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि शेवटी चार अक्षरांचा अर्धा चरण. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. शेतात काम करताना, जात्यावर बसताना दोनदा ऐकलं की तोंडात बसतं. ज्ञानोबा-तुकोबांनी ही वाट आधीच करून ठेवली होती. टिळक स्वतः मानत, की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. मग गाणं दुसऱ्या वाटेने का न्यायचं?

टिळकांच्या आधी नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात केली होती. टिळकांनी त्या कामाला कवीचा हात दिला. अभंग, पदं, भजनं अशी शेकडो गाणी लिहिली. कीर्तनंही केली. नमन, पूर्वरंग, मग उत्तररंगात कथा आणि मागे टाळकरी. नाताळच्या कीर्तनात कथा असते ती मरिया-योसेफाची. दिवस भरलेली बाई, धर्मशाळेत जागा नाही, शेवटी गोठ्यात बाळंतपण. रानात मेंढरं राखणाऱ्यांना पहिली बातमी. नगरकडच्या माणसाला यात काही परकं वाटत नाही. गोठा त्याच्या दारात आहे आणि मेंढरं राखणारा धनगर त्याच्या ओळखीचा आहे.

दोन्हीकडून ओढाताण

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. मुलांसाठी ‘बालबोधमेवा’चं कामही त्यांनी पाहिलं. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला त्र्यंबक ठोमरे हा पोरगा पुढे त्यांच्या घरचाच झाला. मराठीचे लाडके बालकवी ते हेच.

पण मनात एक सल होता. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच देशात परका का वाटावा? नाव, कपडे, गाणं सगळं साहेबी का असावं? पूर्वीचे आप्त त्यांना बाटगा म्हणत, आणि मिशनमधल्या काहींना त्यांचा हा देशीपणा पचत नसे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला जाऊन संन्याशासारखे राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथे यायला मोकळीक होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो.

हा प्रयोग दोनच वर्षं त्यांच्या हातून चालला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. येशूचं चरित्र सांगणारं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून एकेकाळी आक्रोश करणाऱ्या बाईनेच त्याचं शेवटचं काम तडीस नेलं.

गाणं अजून चालू आहे

आज मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात टिळकांची गाणी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या काही गीतांची इंग्रजी भाषांतरं होऊन ती परदेशातल्या चर्चमध्येही गायली गेली. एकेकाळी तिकडची गाणी इकडे येत होती, टिळकांमुळे इकडचं गाणं तिकडे गेलं.

आता नव्या पोरांच्या हातात गिटार आणि कीबोर्ड आहे, आणि तेही चांगलंच आहे. पण नाताळच्या रात्री म्हाताऱ्या आजी मधेच टाळ उचलतात आणि सगळी मंडळी पुस्तक न उघडता गाऊ लागते, ते बहुतेक वेळा जुनं भजनच असतं. कुणाचं, हे गाणाऱ्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं. या नाताळात गाणं संपल्यावर एकदा पुस्तकात कवीचं नाव शोधून पाहावं. बऱ्याच वेळा ते कल्याणात वाढलेल्या, आईविना पोरक्या झालेल्या त्या मुलाचंच निघेल.