ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

दर रविवारी पवित्र मिस्सेत जुन्या करारातील वाचन, प्रतिसाद स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतील उतारा व शुभवर्तमान ही सर्व आपण मराठीतून ऐकतो, आणि त्यात आज कोणास काही नवल वाटत नाही. परंतु ही सोय फार जुनी नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनाविधीविषयीचा आदेश १९६३ साली मंजूर केला व नवी वाचनव्यवस्था १९६९ च्या आगमनकाळापासून अमलात आली. त्या सुमारापर्यंत मिस्सेतील वाचने लॅटिनमध्ये होत, आणि साध्या श्रद्धावंतास त्यांचा अर्थ प्रवचनातून कळेल तेवढाच कळे. असे असता, सोळाव्या शतकाच्या अखेरीस या देशी आलेल्या एका इंग्रज धर्मगुरूने आदामापासून येशू ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची सारी पवित्र कथा मराठी ओवीत रचून ती ख्रिस्तमंदिरात लोकांच्या कानी घातली. त्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र महोत्सवाच्या या पुस्तिकेत देण्याचे आम्ही योजिले आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात, १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडात राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिक उपासनेस कायद्याने बंदी होती. मिस्सा करणे व ऐकणे हा गुन्हा ठरे. थॉमस यांचे स्नेही थॉमस पाउंड हे सधन गृहस्थ. दोघांनी मिळून रोमला जावे व येशूसंघात प्रवेश करावा असा बेत होता. परंतु पाउंड पकडले गेले आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्यांचे आयुष्य एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेले. स्टीफन्स एकटेच निसटले व १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. ज्या मनुष्याच्या स्वदेशी देवाचा शब्द उघडपणे ऐकण्याची चोरी होती, त्यालाच पुढे परमुलखात तो शब्द ऐकविण्याचे काम मिळाले, यात आम्हांस तरी ईश्वरी योजना दिसते.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून गलबतावर चढले व २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर गेला. हिरड्या सुजणे, पाय फुगणे, सारे अंग दुखणे असा जो खलाशांचा रोग त्याने कित्येकांस ग्रासले. उतरल्यावर लवकरच त्यांनी वडिलांस या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते इंग्लंडात १५९९ साली एका प्रवाससंग्रहात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन कायम राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचे नाव घेतात. कंपनीचे व्यापारी त्यांच्या मागून आले.

यापुढील जवळजवळ चाळीस वर्षे फादर स्टीफन्स यांनी गोव्याच्या सासष्टी प्रांतात काढली. तेथील प्रारंभीचा काळ सुखाचा नव्हता, आणि जे घडले ते झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली सासष्टीतील हिंदू देवळे पाडली होती; लोकांच्या मनात त्याचा सल होता. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी फादर रूडोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती यांस, तसेच त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती मंडळींस ठार केले. त्या पाच जणांस ख्रिस्तसभेने १८९३ साली धन्यवादित घोषित केले. त्यांची प्रेते परत आणण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स यांनी केले. अशा प्रसंगानंतर माणूस एकतर लोकांपासून दूर होतो किंवा त्यांच्या अधिक जवळ जातो. फादर स्टीफन्स लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे नमूद केले. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ साली सांगितली तेव्हा विद्वानांनी तिची वाहवा केली.

आता मुख्य विषयाकडे वळू. नवख्रिस्ती लोकांपासून त्यांचे जुने ग्रंथ काढून घेतले गेले होते. आपल्या निमगाव केतकीच्या वाचकांस यातील उणीव समजावून सांगण्याची गरज नाही. आषाढात तुकोबांची पालखी आपल्या गावावरून जाते, श्रावणात शेजारच्या वाड्यावस्त्यांवर पोथी लागते, पानमळ्यातून दमून आलेला माणूस ती ऐकावयास बसतो. ज्या समाजास शेकडो वर्षे ऐकण्याची सवय, त्याला एकाएकी ऐकावयास काहीच उरले नाही, तर त्याने सायंकाळी काय करावे? स्वतः फादर स्टीफन्स यांनीच ग्रंथारंभी सांगितले आहे की, धर्मशिक्षणाच्या वेळी एका ब्राह्मणाने उभे राहून हीच अडचण मांडली. प्रश्नोत्तरांचे पाठ मुलांना पुरेसे आहेत, पण जाणत्यांस ऐकावयास पुराण हवे, आणि जुने बंद केले तर त्याच्या जागी दुसरे का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आमच्या मते आपल्या धर्मसभेच्या इतिहासात कोणा प्रापंचिकाने विचारलेला इतका मोलाचा प्रश्न क्वचितच सापडेल. आणि धर्मगुरूने तो कानाआड केला नाही, हे त्याहून विशेष.

त्याचे उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात छापलेला ग्रंथ. त्याचे छापील नाव पोर्तुगीज होते. लोकांनी त्याला ख्रिस्तपुराण म्हटले आणि तेच टिकले. त्याचे दोन भाग. पहिल्या पुराणात छत्तीस प्रसंग व ४१८१ ओव्या, दुसऱ्यात एकोणसाठ प्रसंग व ६७८१ ओव्या, एकूण १०,९६२. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदाम व हव्वा, जलप्रलय, आब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे आणि तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा. दुसऱ्यात प्रभू येशूचे जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतचे चरित्र. भाषा मराठी, मधून मधून कोंकणीची छटा. वैकुंठासारखे लोकांच्या ओळखीचे शब्द त्यांनी निःशंकपणे वापरले. मराठीची जी स्तुती त्यांनी आरंभी केली आहे ती बहुतेकांनी शाळेत वाचली असेल, म्हणून येथे उतरवीत नाही.

रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सेनंतर हे पुराण ख्रिस्तमंदिरात वाचले जाई. येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. त्या काळच्या मिस्सा-ग्रंथात रविवारी साधारणपणे दोनच वाचने असत, एक पत्रातील व दुसरे शुभवर्तमानातील, आणि तीच दरवर्षी फिरून येत. जुना करार रविवारच्या श्रद्धावंताच्या कानी क्वचितच पडे. आता तीन वर्षांचे चक्र आहे, रोजच्या मिस्सेसाठी दोन वर्षांचे आहे, आणि रविवारचे पहिले वाचन शुभवर्तमानाशी मेळ घालून निवडलेले असते. ही जोड सासष्टीच्या शेतकऱ्यास १६१६ सालीच आपल्या भाषेत मिळाली. आधी पहिले पुराण, मग दुसरे. आधी वचन, मग त्याची पूर्तता. दर रविवारी एक प्रसंग वाचला असे धरले, तर पंच्याण्णव प्रसंगांस दोन वर्षांना थोडा कमी काळ लागेल. एकेका प्रसंगात सरासरी शंभराहून अधिक ओव्या. मिस्सा संपल्यावर तेवढा वेळ बसून राहणारे लोक होते. आपल्याकडे काही मंडळी शुभवर्तमान चालू असता दारात चपला काढीत असतात, त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

यासंबंधी ट्रेंट येथील धर्मपरिषदेविषयीही दोन शब्द लिहिणे न्याय्य होईल. तिने मिस्सा लोकभाषेत करण्यास अनुमती दिली नाही, हे सर्वांस ठाऊक असते. पण १५६२ सालच्या त्याच निर्णयात, मिस्सेत जे वाचले जाते त्यापैकी काही ना काही धर्मगुरूंनी लोकांस, विशेषतः रविवारी व सणांच्या दिवशी, वारंवार समजावून सांगावे अशी आज्ञाही आहे. फादर स्टीफन्स यांनी ही आज्ञा जितकी मनावर घेतली तितकी फार थोड्यांनी घेतली असेल.

पुराणाखेरीज त्यांनी कोंकणी भाषेत धर्मशिक्षणाचे पुस्तक व त्या भाषेचे व्याकरण लिहिले. पहिले १६२२ साली व दुसरे १६४० साली छापले गेले. म्हणजे दोन्ही त्यांच्या पश्चात. कारण १६१९ साली गोव्यातच ते देवाघरी गेले.

त्यांची एक इच्छा अपुरी राहिली. गोव्यात छापखाना १५५६ सालापासून होता, तमिळ अक्षरांत पुस्तक १५७८ साली छापून झाले होते, पण मराठी अक्षरांचे खिळे नव्हते. १६०८ साली त्यांनी येशूसंघाच्या मुख्याधिकाऱ्यांस रोमला पत्र लिहून ते पाडवून घेण्याची परवानगी मागितली. काम झाले नाही, आणि ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत निघाले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले. काना येथील लग्नाचा चमत्कार मूळ ग्रंथात नव्हता, तो बाती गावच्या पास्कोल गोमिश द फारिया या गोमंतकीय धर्मगुरूंनी मागाहून रचून घातला. ऐकणाऱ्यांपैकीच एकाने पुराणात भर घातली, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. लोकांनी भाषा टाकली नाही, परंतु ग्रंथ पुन्हा छापण्यास कोणी धजले नाही. त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण वाचले ते मंगळूरकडे जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. त्यांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे नवी आवृत्ती काढली. तीही रोमन अक्षरांतच. देवनागरी अक्षरांत संपूर्ण ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी पुण्यात १९५६ साली प्रसिद्ध केला. रोमला पाठविलेल्या त्या विनंतीस तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

येत्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचे प्रसंग आपल्या ख्रिस्तमंदिरात वाचण्याचे ठरविले आहे. जुने शब्द अवघड वाटतील, म्हणून अर्थ सांगण्याचे काम आम्ही करू. ज्यांस ओवी चालीवर म्हणता येते त्या बंधुभगिनींनी आपली नावे मिस्सेनंतर आमच्याकडे द्यावीत. घरातील वडीलधाऱ्यांस जात्यावरची चाल आठवत असेल तर त्यांस अवश्य बरोबर आणावे.