उंदराच्या मुखवट्यामागचा बाप

न्यूयॉर्कमधल्या एका रस्त्यावर कुणीतरी टाकून दिलेली टेलिफोनची तार पडली होती. मुलाबरोबर चाललेला म्हातारा थांबला, वाकला आणि त्याने ती उचलून घेतली. तिच्या आतल्या बारीक तारा वस्तू बांधायला उपयोगी पडतात, असे त्याचे म्हणणे. अशी तार दुकानात फार महाग नाही, हे मुलाने सांगून काही फायदा नव्हता. हाच म्हातारा रोजच्या गोळ्या मोजून मांडून ठेवी, काडेपेटीतली काडी वाचावी म्हणून गॅस दिवसभर जळता ठेवी (गॅसचे पैसे घरभाड्यातच धरलेले असत) आणि अर्धे संपलेले खाण्याचे पुडे दुकानदाराला परत करून त्यांच्या बदल्यात नवा माल आणी. मुलाला त्याच्याबरोबर दुकानात जायची लाज वाटे.

या म्हाताऱ्याचे नाव व्लादेक स्पीगलमन. पोलंडमधला ज्यू, कापडाचा व्यापारी, आउश्वित्झ आणि दाखाऊ या दोन छळछावण्यांतून जिवंत बाहेर आलेला. तो १९८२ साली वारला. त्याला जग ओळखते ते त्याचा मुलगा आर्ट स्पीगलमन याने काढलेल्या ‘माउस’ या चित्रकथेमुळे. माउस म्हणजे जर्मन भाषेत उंदीर. या पुस्तकात ज्यू उंदरांच्या तोंडाचे आहेत, जर्मन मांजरांच्या, पोलिश लोक डुकरांच्या आणि अमेरिकन कुत्र्यांच्या. चित्रकथा म्हटले की माझ्या पिढीला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ किंवा अमर चित्रकथेतले राजे आठवतात. त्यामुळे भाच्याने पुण्याहून हे पुस्तक आणून माझ्या हाती दिले, तेव्हा साठ लाख माणसांच्या संहाराची हकीकत उंदीर-मांजरांच्या चित्रांत कशी काय मावणार, असेच मला वाटले. वीसेक पानांनंतर ती तोंडे उंदरांची आहेत हे लक्षातही राहत नाही.

आपल्याकडे ज्यू म्हणजे कोकणातले शनवार तेली. मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांना इथे कुणी धर्मासाठी छळल्याचे ऐकिवात नाही, म्हणूनही असेल, युरोपातल्या त्या संहाराकडे आपण दुरून पाहतो. हिटलरचे आत्मचरित्र मात्र मराठीत एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरही मिळते आणि शिस्तीचा, जिद्दीचा नमुना म्हणून तरुण ते विकत घेतात. त्या शिस्तीने काय केले, हे समजून घ्यायला व्लादेकची हकीकत वाचावी.

व्लादेकचा जन्म १९०६ सालचा, चेंस्तोहोवा या गावचा. दिसायला देखणा, बोलण्यात चतुर, अमेरिकेला जाण्याच्या आशेने तरुणपणीच थोडे इंग्रजी शिकलेला. १९३७ साली सोस्नोव्हिएत्स शहरातल्या एका श्रीमंत मोजे-बनियन कारखानदाराच्या मुलीशी, आन्याशी, त्याचे लग्न झाले. आन्या नाजूक तब्येतीची आणि नाजूक मनाची. त्याच वर्षी मुलगा झाला, रिशू. सासऱ्याच्या मदतीने व्लादेकने कापडाचा कारखाना काढला. बाळंतपणानंतर आन्या खिन्न राहू लागली, म्हणून तो तिला चेकोस्लोव्हाकियातल्या आरोग्यधामात घेऊन गेला. त्या प्रवासात गाडीच्या खिडकीतून त्यांनी पहिल्यांदा स्वस्तिकाचा झेंडा पाहिला. साल १९३८.

पुढच्या वर्षी युद्ध सुरू झाले. व्लादेक पोलिश सैन्यात भरती झाला, कैद झाला आणि सुटून लपतछपत घरी आला तोवर कारखाना गेलेला होता. घरातले बारा-पंधरा जण एका छताखाली. मग तो काळ्या बाजारात कापड आणि धान्य विकू लागला. धरले गेले तर भर चौकात फाशी. त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना तशी फाशी झालीही.

ऑगस्ट १९४२ मध्ये शहरातल्या सगळ्या ज्यूंना कागदपत्रे तपासायची म्हणून एका क्रीडांगणात बोलावले गेले. टेबलासमोर एकेक कुटुंब उभे राही आणि अधिकारी त्याला डावीकडे किंवा उजवीकडे पाठवी. व्लादेकचा वृद्ध बाप चांगल्या बाजूला आला. त्याची मुलगी, म्हणजे व्लादेकची बहीण, चार मुले असल्यामुळे दुसऱ्या बाजूला गेली. ती एकटी चार लेकरे कशी सांभाळणार, म्हणून तो म्हातारा कुंपण ओलांडून तिच्याकडे गेला. त्यांतले कुणीही परत आले नाही. साऱ्या पुस्तकात मला सर्वांत जड गेलेले पान हेच. त्यावर रक्ताचा थेंबही नाही.

रिशूला आन्याच्या बहिणीबरोबर, तोशाबरोबर, झाविएर्चे गावी ठेवले होते. तिथे तो अधिक सुरक्षित राहील असा विचार होता. १९४३ साली तिथल्या वस्तीतल्या सगळ्या ज्यूंना आउश्वित्झला न्यायचा हुकूम आला. तोशाने जवळ बाळगलेले विष स्वतः घेतले आणि मुलांनाही दिले. रिशूलाही. तो सहा वर्षांचाही नव्हता. आईबापांना हे पुष्कळ नंतर कळले.

सासरा लक्षाधीश होता. ज्यू पोलिसात असलेल्या नात्यातल्या एका माणसाने सुटका करतो म्हणून त्याचे जडजवाहीर घेतले आणि व्लादेक-आन्याला सोडवले; म्हाताऱ्याला नाही. व्लादेक पैसा जपत असे हे खरे, पण पैशाने जीव वाचतोच असे नाही, हे त्याच्याइतके कुणी पाहिले असेल?

मग लपणे सुरू झाले. कोळशाच्या ढिगामागे, छताच्या पोकळीत, गोठ्यात. पैसे संपले की दार दाखवणारी माणसे भेटली, तशी जीव धोक्यात घालून आसरा देणारी एक पोलिश बाईही भेटली. तिच्या तळघरात घुशी होत्या. आन्या घाबरली, तेव्हा हे नुसते उंदीर आहेत, असे सांगून व्लादेकने तिची समजूत काढली. उंदराच्या तोंडाची ही दोन माणसे आणि त्यांच्या पायांशी खरीखुरी घूस, हे चित्र आर्टने काढले आहे. हसावे की नाही ते कळत नाही.

मार्च १९४४ मध्ये हंगेरीला पोचवतो म्हणणाऱ्यांनी त्यांना पकडून दिले. आउश्वित्झच्या फाटकावर नवराबायकोची ताटातूट झाली. व्लादेकच्या हातावर १७५११३ हा आकडा गोंदला गेला. एका कैदी धर्मगुरूने त्या आकड्यांची बेरीज केली: अठरा. हिब्रू अक्षरांच्या हिशेबात अठरा म्हणजे जीवन. व्लादेकने तेवढ्यावर धीर धरला.

छावणीत तो जगला कसा? नशिबाने, हे पहिले उत्तर, आणि ते विसरू नये. एकट्या आउश्वित्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली, त्यांत त्याच्याहून हुशार कितीतरी असतील. पण नशीब दार किलकिले करी तेव्हा आत शिरण्याची तयारी त्याच्याजवळ होती. बराकीच्या मुकादमाला इंग्रजी शिकायचे होते, कारण युद्धाचा रंग पालटला तर ते कामाला येईल. व्लादेक त्याचा मास्तर झाला आणि पोटभर जेवला. पत्र्याचे काम येते म्हणाला, ते तिथेच शिकला. जोडे शिवता येतात म्हणाला. एका जर्मन अधिकाऱ्याचा फाटका बूट खऱ्या मोच्याकडे नेऊन, त्याला पाव देऊन, तो कसा शिवतो ते पाहून घेतले. मित्राला मापाचे बूट, पट्टा आणि चमचा मिळवून दिला. आन्या जवळच्या बिर्केनाउ छावणीत आहे असे कळल्यावर तिच्यापर्यंत चिठ्ठ्या आणि पाव पोचवले. स्वतःच्या वाट्याच्या पावातून आणि सिगारेटींतून शिल्लक टाकून, लाच देऊन, तिला आपल्या छावणीजवळच्या बराकीत आणवले. त्या शिल्लकीतला एक तुकडाही वाया गेलेला त्याला परवडणारा नव्हता.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्य जवळ आले, तशी जर्मनांनी कैद्यांना बर्फातून पायी हाकत नेले आणि पुढे गुरांच्या डब्यात कोंबले. व्लादेकने छताच्या आकड्यांना आपली घोंगडी बांधून झोळी केली आणि तिच्यात पडून राहिला. तिथून हात बाहेर काढून छतावरचा बर्फ त्याला खाता येई. खाली माणसे उभ्याउभ्या मरत होती. कुणाजवळ साखर होती, पण घसा कोरडा. त्याला बर्फ देऊन व्लादेकने साखर घेतली. दाखाऊला सदऱ्यात ऊ सापडली तर सूप मिळत नसे. एका फ्रेंच मित्राच्या मदतीने त्याने जादा सदरा मिळवला, धुऊन कागदात गुंडाळून ठेवला आणि तपासणीला तोच दाखवू लागला. त्यातून हिवताप नव्हे, उवांमुळे होणारा टायफस झाला, त्यातूनही वाचला. अमेरिकन सैन्य आले तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता.

सुटल्यावर एका फोटोवाल्याकडे धुतलेला छावणीचा पोशाख होता. तो चढवून व्लादेकने फोटो काढला आणि आन्याला पाठवला: मी आहे. हा फोटो पुस्तकात छापला आहे. सारी चित्रे उंदरांची आणि मध्येच हा भक्कम, केस विंचरलेला, सरळ आपल्याकडे पाहणारा माणूस.

दोघे सोस्नोव्हिएत्सला भेटले. स्वीडनमध्ये १९४८ साली आर्ट जन्मला आणि १९५१ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या रेगो पार्क भागात व्लादेक हिऱ्यांचा व्यवसाय करू लागला. १९६८ साली आन्याने आत्महत्या केली. मागे चिठ्ठी नव्हती. वीस वर्षांचा आर्ट नुकताच मनाच्या आजारातून उठला होता. व्लादेकने पुढे मालाशी लग्न केले. तीही छावणीतून वाचलेली. तिला तो पैशापैशासाठी इतका पिडे की ती एकदा घर सोडून गेली. छावणीतून वाचलेल्या आणखीही लोकांना ती ओळखत होती आणि त्यांतला एकही असा नव्हता. तेव्हा सगळे छावणीवर ढकलता येत नाही. हे तिचे म्हणणे आर्टने पुस्तकात ठेवले, ते मला फार मोलाचे वाटते.

तरीही ती उचललेली तार वाचताना मला आमचे केदारखेडा आठवले. पूर्णेच्या काठचे हे गाव बहात्तरच्या दुष्काळात कोरडे पडले होते. खडी फोडून लाल मिलोची भाकर खाल्लेली माणसे पुढे सुगी आली तरी वाकडे खिळे सरळ करून डब्यात ठेवत राहिली. माझे वडील त्यांतलेच. सुतळीचा तुकडा त्यांनी कधी फेकला नाही, ताटात घास टाकला तर घरात भांडण. छावणीची आणि दुष्काळाची तुलना होत नाही, हे मी जाणतो. दुष्काळ कुणी ठरवून, याद्या करून आणला नव्हता. पण उपाशी राहिलेल्या हाताची सवय ओळखीची वाटली. वडिलांनी त्या वर्षाबद्दल आम्हाला चार वाक्यांपलीकडे सांगितले नाही आणि रझाकारांच्या दिवसांबद्दल तर तेवढेही नाही. आम्हीही विचारले नाही.

आर्टने विचारले. १९७२ पासून तो बापाच्या आवाजाच्या टेप करू लागला आणि सत्तरीच्या शेवटी पुन्हा जोमाने बसला. बाप व्यायामाची सायकल मारत मारत सांगे. सांगताना मध्येच चाळीस वर्षे उडी मारून मालाच्या तक्रारीवर येई. मुलाने ते सारे तसेच काढले. एकदा आर्टच्या बायकोने वाटेत एका काळ्या माणसाला मोटारीत घेतले, तर व्लादेकचा जीव मागच्या पिशव्यांत. हा आता सामान चोरणार. जातीवरून गुराढोरांसारखा हाकला गेलेला माणूस दुसऱ्याच्या कातडीकडे त्याच नजरेने पाहतो. आपल्या गावांत हे पाहायला अमेरिकेला जावे लागत नाही. असो.

सर्वांत मोठा घाव वेगळाच आहे. आन्याने युद्धातल्या आठवणींच्या वह्या लिहिल्या होत्या. मुलगा कधी वाचील, या आशेने. आर्ट त्या वह्या मागत राहिला आणि बाप शोधतो, शोधतो म्हणत राहिला. शेवटी कबूल केले की, तिच्या मृत्यूनंतर दुःखाच्या भरात त्याने त्या जाळल्या. तार जपणाऱ्या माणसाने वह्या जाळल्या. जो शब्द नाझींसाठी वापरायचा, तोच मुलगा त्या क्षणी बापासाठी वापरतो. पहिला खंड तिथेच संपतो.

तो खंड १९८६ साली आला, दुसरा १९९१ मध्ये. १९९२ साली त्याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. चित्रकथेला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका जिल्ह्याच्या शाळा मंडळाने शिव्या आणि एक उघडे चित्र यांचे कारण देऊन तो अभ्यासक्रमातून काढला. त्यानंतर पुस्तकाचा खप वाढला.

व्लादेकने यातले काहीच पाहिले नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो आन्याची भेट कशी झाली ते सांगून संपवतो. तो थकला आहे, पलंगावर पडला आहे. टेप बंद करायला सांगतो आणि कुशीवर वळताना समोरच्या मुलाला नाव घेऊन हाक मारतो. ते नाव रिशूचे असते. रिशूचा फोटो आयुष्यभर आईबापांच्या खोलीत टांगलेला होता. आर्टचा फोटो तिथे नव्हता. तो घरातच असल्याने लावायची गरज पडली नसावी. त्या चित्राखाली व्लादेक आणि आन्याच्या कबरीचा दगड काढलेला आहे आणि त्याखाली आर्टची सही.