चयापचयाचे शहर आणि घसाऱ्याचा हिशेब

टोकियोच्या गिंझा भागातील नाकागिन कॅप्सूल टॉवर ही इमारत २०२२ साली पाडण्यात आली. जीर्ण भाग बदलत राहून जिने सदैव तरुण राहावे अशी कल्पना होती, ती इमारत पन्नास वर्षांतच नाहीशी व्हावी, ही केवळ वास्तुशास्त्रज्ञांनीच विचार करावा अशी घटना नव्हे. तिचे शिल्पकार किशो कुरोकावा यांचे चरित्र अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही बरेच काही शिकवून जाते.

कुरोकावांचा जन्म १९३४ साली आइची प्रांतात, नागोया शहरानजीकच्या कानिए येथे झाला. युद्धाच्या अखेरच्या वर्षी हवाई हल्ल्यांत नागोया बेचिराख झाले, तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. शहर हे चिरस्थायी नसते, हे सत्य त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. क्योतो विद्यापीठाची पदवी घेऊन ते टोकियो विद्यापीठात केन्झो तांगे यांच्या मार्गदर्शनाखाली शिकू लागले. १९५९ साली इसे उपसागरावरील वादळाने आइचीचा किनारा उद्ध्वस्त केला. सुमारे ५,००० माणसे दगावली. त्यावर कुरोकावांनी खांबांवर उचललेल्या शेतकरी-वस्तीचा आराखडा सुचविला. पुराचे पाणी खालून निघून जावे, हा त्यामागील हेतू.

१९६० साली टोकियोत भरलेल्या जागतिक डिझाइन परिषदेच्या निमित्ताने किकुताके, माकी, ओताका, समीक्षक कावाझोए आणि सव्वीस वर्षांचे कुरोकावा यांनी ‘चयापचय’ या नावाने आपली भूमिका मांडली. शहर हा एक सजीव देह आहे. त्याचा सांगाडा दीर्घकाळ टिकावा आणि पेशी मात्र वेळोवेळी बदलाव्यात, असे तिचे सार होते. १९७२ साली पूर्ण झालेला नाकागिन टॉवर हे या विचाराचे मूर्त रूप. दोन मनोऱ्यांना कारखान्यात बनविलेल्या १४० खोल्या जोडलेल्या होत्या. प्रत्येक खोली सुमारे १० चौरस मीटरची आणि चार बोल्टांवर बसविलेली. दर २५ वर्षांनी ती काढून नवी बसवावयाची होती.

प्रत्यक्षात एकही खोली बदलली गेली नाही. खोल्या निरनिराळ्या मालकांना विकलेल्या होत्या, आणि वरच्या काढल्याशिवाय खालची निघत नव्हती. म्हणजे बदल करावयाचा तर सर्वांनी मिळून, एकाच वेळी आणि एकत्रित खर्चाने. त्यासाठी पुरेसा सामाईक निधी कधी उभा राहिला नाही. यंत्र झिजते म्हणून कारखानदार दरवर्षी घसाऱ्याची रक्कम बाजूला काढतो. येथे झिजेचा कालावधी शिल्पकाराने आधीच सांगितला होता; रक्कम बाजूला काढणारे मात्र कोणी नव्हते.

या मंडळींना ज्याचे विलक्षण आकर्षण होते, ते इसेचे मंदिर हे याचेच उलट उदाहरण होय. दर वीस वर्षांनी ते नव्याने बांधले जाते. २०१३ साली हा विधी बासष्टाव्यांदा झाला. त्यामागे राखीव वने, सुतारांची परंपरा आणि पैसा उभारणारी व्यवस्था आहे. मध्ययुगीन यादवीत ती व्यवस्था कोलमडली, तेव्हा पुनर्बांधणीही शतकाहून अधिक काळ खंडित झाली होती. नूतनीकरण श्रद्धेने सुरू होते, पण टिकते ते तरतुदीने.

२००७ हे कुरोकावांच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष. त्याच वर्षी त्यांचे राष्ट्रीय कला केंद्र खुले झाले, टोकियोच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला आणि टॉवर पाडण्याच्या बाजूने मालकांनी कौल दिला. मनोरे राखून खोल्या तेवढ्या बदला, ही त्यांची विनवणी व्यर्थ गेली. ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. इमारत पाडताना २३ खोल्या जतन करण्यात आल्या. बदलण्यासाठी घडविलेली वस्तू शेवटी जपून ठेवण्याची वस्तू ठरली.

म्हणून त्यांचे स्वप्न खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सांगाडा आणि पेशी यांचा विचार त्यांनी केला. त्या पेशींना जगविणाऱ्या रक्ताचा, म्हणजे सामाईक मालकीचा आणि नियमित संचयाचा विचार मात्र राहून गेला. शहरे केवळ आराखड्यांवर उभी राहत नाहीत. पंचवीस वर्षांनंतरचा खर्च आज कोण उचलणार, या रूक्ष प्रश्नाचे उत्तर ज्या नगररचनेपाशी नाही, ती कितीही आधुनिक असली तरी अपुरीच समजली पाहिजे.