यीस्टच्या रसातले बुडबुडे

रक्तातील कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या द्रावणात 'कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज' नावाचे विकर असते. ते जिवाणूंपासून मिळवतात. पण बाटलीत जिवाणू नसतो, असते फक्त त्याचे विकर. जिवंत पेशीबाहेरही आंबवण्यासारखी प्रक्रिया विकरांच्या बळावर चालू शकते, हे दाखवून दिले जर्मन रसायनशास्त्रज्ञ एदुआर्ड बुखनर यांनी.

त्यांचा जन्म म्युनिकमध्ये २० मे १८६० रोजी झाला. वडील लवकर वारले. पैशांअभावी शिक्षण मध्येच थांबवून एदुआर्ड यांना डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करावे लागले. जंतुशास्त्रज्ञ असलेले थोरले भाऊ हान्स यांच्या मदतीने ते पुन्हा अभ्यासाकडे वळले.

साखरेची दारू होण्यासाठी जिवंत यीस्ट हवेच, हे लुई पाश्चर यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. १८९६ मध्ये हान्स यांच्या संस्थेत यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबाखाली पिळून त्याचा रस काढण्याचे प्रयोग सुरू होते. हा रस औषधी उपयोगासाठी हवा होता, पण तो लवकर नासत असे. मुरंबा टिकतो तसा तोही टिकावा म्हणून त्यात भरपूर साखर घातली, तर रसातून बुडबुडे येऊ लागले! यीस्टची एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबत होती. एदुआर्ड यांनी याचा अर्थ ओळखला आणि १८९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. रसातल्या या घटकाला त्यांनी 'झायमेज' म्हटले. आक्षेप बरेच आले. त्यांनी नव्या प्रयोगांनी उत्तरे दिली. १९०७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पहिल्या महायुद्धात ते स्वेच्छेने सैन्यात गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये रोमानियातील फोक्शान येथे जखमी होऊन ५७व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

कोलेस्टेरॉल मोजायला पूर्वी तीव्र गंधकाम्ल लागे. १९७४ मध्ये विकरांची सोपी पद्धत प्रसिद्ध झाली. त्यात एक विकर कोलेस्टेरॉलला जोडलेले मेदाम्ल सोडवते. मग कोलेस्टेरॉल ऑक्सिडेजच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि तिसरे विकर त्यापासून गुलाबी रंग आणते. रंग जितका गडद, तितके कोलेस्टेरॉल अधिक.

बुखनर यांचा रस नासत असे, तसेच हे विकरही उष्णतेने निकामी होते. म्हणून प्रयोगशाळेत ही बाटली आजही फ्रिजमध्येच ठेवावी लागते.